मास्तरांच्या गाडीचा ठसका

मास्तरांची नवी गाडी वेग घेताना ठसकते, ही बाब सर्वप्रथम मास्तरीणबाईंच्या निदर्शनास आली. त्या मागच्या सीटवर बसून, होणाऱ्या नातवंडासाठी टोपडं विणत होत्या आणि टेकडीच्या चढाला लागताच त्यांच्या सुईवरचे टाके निसटले.

"गाडी ठसकली," त्या म्हणाल्या.

"रस्ता खराब आहे," मास्तर म्हणाले.

रस्ता आरशासारखा होता. परंतु नव्या गाडीत दोष निघण्यापेक्षा जुन्या रस्त्यात निघालेला घराच्या शांततेला मानवतो, हे प्रत्येक संसारी माणूस जाणतो.

मास्तर गाण्याचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा कान असा की शेजारच्या घरात पेटीचा एक सूर उतरला तर यांचा घास घशात अडकायचा. त्यामुळे रस्त्यावर खापर फोडून त्यांचं मन फार दिवस मानेना. सावकाश हाकली तर गाडी गुणी लेकरासारखी चाले. पाय दाबला, की आधी एक खोल श्वास, मग 'घुर्र', मग 'फट्', आणि त्यानंतर एक रिकामी जागा. त्या जागेत इंजिन काय करतं, हे विधात्यालाच ठाऊक. मग दुसरा 'फट्' येई, सगळ्यांच्या माना पुढे जात, आणि गाडी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चालू लागे.

एरवी मास्तरांनी हे सहन केलं असतं. बेसूर सहन करण्यात त्यांची हयात गेली होती. पण लेकीचे दिवस भरत आले होते. जावई जहाजावर, त्यामुळे लेक आई-वडिलांकडे होती. आणि गावातलं एकुलतं एक प्रसूतिगृह टेकडीच्या माथ्यावर होतं. ते तिथे बांधण्याचा ठराव करणाऱ्या समितीत एकही बाई नव्हती, अशी मास्तरीणबाईंची खात्रीलायक माहिती आहे. भाड्याच्या गाड्या त्या चढाचं नाव काढताच दुसरीकडे बघायला लागत. म्हणजे वेळ आली की भिस्त ह्याच गाडीवर.

"बाबा, ही वर पोचेल ना?" लेकीने विचारलं.

"उद्याच दाखवून आणतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी अधिकृत सेवा केंद्राची वाट धरली. अन्यत्र कुठे बॉनेट उघडल्यास वॉरंटी संपुष्टात येईल, असं कंपनीने त्यांना गाडीच्या किल्लीआधी समजावून सांगितलं होतं.

सेवा केंद्र प्रशस्त होतं. काचेच्या भिंती, गार हवा, कुंडीत प्लॅस्टिकचं झाड आणि त्याला पाणी घालण्यासाठी नेमलेला एक माणूस. गाड्या काचेपलीकडे दुरुस्त होत. ग्राहकाने अलीकडे बसून समाधानी व्हायचं अशी रचना होती. टाय लावलेला एक सल्लागार लगबगीने पुढे आला आणि मास्तरांच्या पाया पडला.

"ओळखलंत का मास्तर? शेवटच्या बाकावर बसायचो."

मास्तरांनी चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं. हा मुलगा प्रार्थनेत गाऊ लागला की बाकीचा वर्ग दबकून गप्प होत असे.

सल्लागाराने गाडीला स्कॅनर जोडला. स्कॅनरने क्षणभर विचार केला आणि हिरवा दिवा दाखवला.

"दोष शून्य," सल्लागार म्हणाला.

"अरे, उभ्या गाडीत कसा सापडेल? ती वेग घेताना ठसकते. चालवून बघ."

सल्लागाराने ती आवारात एक फेरी चालवून आणली. आवारात पायी चालण्याच्या वेगाहून जास्त वेगाने गाडी हाकण्यास मनाई आहे, असा फलक होता. चाचणीच्या वेळी एक कुत्रं गाडीच्या पुढे निघून गेलं.

"नाही ठसकत, मास्तर."

"अरे, वेग घे की जरा."

"वेग आवारात निषिद्ध आहे."

"मग बाहेरच्या चढावर ने."

"बाहेर आमचा विमा नाही."

मास्तरांनी हे सगळं मनात एकदा जुळवून पाहिलं. "म्हणजे गाडी जिथे बिघडते तिथे तुम्ही येत नाही, आणि तुम्ही असता तिथे ती बिघडत नाही."

"अगदी बरोबर बोललात. म्हणूनच आमच्याकडे बिघाडाचं प्रमाण इतकं कमी आहे."

निघताना मास्तरांच्या फोनवर प्रश्न आला: आमच्या सेवेबाबत आपण किती समाधानी आहात? खाली पाच तारे. सल्लागार जवळ सरकला आणि त्याचा आवाज खाली आला.

"मास्तर, पाच दाबा. चार म्हणजे आमच्याकडे नापास."

"पण गाडी ठसकतेच आहे."

"ते गाडीचं झालं. प्रश्न सेवेबद्दल आहे. मी तुम्हाला कॉफी दिली की नाही?"

"दिलीस."

"गरम होती?"

"होती."

"मग झालं तर." त्याने टाय सारखा केला. "शाळेत तुम्ही मला गाण्यात पहिली श्रेणी दिली होतीत. मला सूर कुठे लागायचा? पण दिलीत, आणि आई दारात उभी राहून रडली होती. तेवढंच आणखी एकदा करा."

आता सांगा, यापुढे कोणता सज्जन माणूस चारवर थांबेल? मास्तरांनी पाच तारे दाबले. कुणाचं मन न मोडल्याचं पुण्य गाठीला बांधून ते निघाले. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी पाय दाबला आणि गाडी ठसकली.

दुसऱ्या खेपेला सल्लागार भेटला नाही. मास्तरांना, मास्तरीणबाईंसह, आतल्या खोलीत समाधान पडताळणी अधिकाऱ्यांसमोर बसवण्यात आलं. ह्या बाई स्वच्छ, शांत आणि अत्यंत नम्र होत्या. ज्या कचेरीत नम्रता जास्त, तिथे काम कमी, हे मास्तरांच्या लक्षात यायला वेळ लागला.

"मागील भेटीत आपण पूर्ण समाधानी होतात," बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या.

"हो, म्हणजे तसं दाबलं खरं."

"पूर्ण समाधानी ग्राहकाची तक्रार आमच्या यंत्रणेत बसत नाही. काय मागे घेता, तक्रार की समाधान?"

"समाधान घेतो मागे."

"ते शक्य नाही. समाधान वर पाठवलेलं असतं. वरून त्याच्यावर आणखी वर समाधान व्यक्त झालेलं आहे."

मास्तरीणबाईंनी सुया पिशवीत ठेवल्या. त्या सुया ठेवतात तेव्हा मास्तरांना घाम फुटतो. "ताई, आमची लेक अवघडलेली आहे. गाडी चढावर ठसकते. तुम्ही ती बघणार की आमची तोंडं बघणार?"

अधिकारी बाईंना खरोखरच वाईट वाटलं. त्यांनी खूप शोधून एक वाट काढली. गाडी आवारात ठसकू शकत नाही. परंतु ग्राहक ठसकू शकतो. नियमांत 'दोषाचं ध्वनि-प्रात्यक्षिक' नावाची तरतूद होती. ग्राहकाने दोषाचा आवाज तोंडाने काढायचा, तो ध्वनिमुद्रित करून मुख्यालयाच्या प्रयोगशाळेत जायचा आणि निदान तिथून यायचं.

"तोंडाने?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"जमेल मला," मास्तर म्हणाले. निवृत्तीनंतर कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना आवाज लावायला सांगत होतं.

मास्तर माइकसमोर ताठ बसले. डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि सुरुवात केली. घुर्र, फट्, मधली रिकामी जागा, पुन्हा फट्. काचेपलीकडचे कारागीर पाने हातात धरून थबकले. झाडाला पाणी घालणारा झारी वाकडी धरून ऐकत राहिला. सल्लागार तेवढ्यात दारातून आत डोकावला, कान देऊन उभा राहिला, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. आणि मग तो नजर चुकवून निघून गेला.

"दुसरा फट् तुम्ही घाईने घेता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गाडी जरा जास्त थांबते."

मास्तरांनी पुन्हा घेतला. या वेळी इतका हुबेहूब आला की बाहेर उभ्या असलेल्या एका ग्राहकाने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढून तपासली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर त्या दिवशी घरी आले ते मैफल जिंकल्यासारखे. गाडी जशीच्या तशी होती, हे त्यांना जेवताना आठवलं.

निदान आलं, आणि ते ऐकायला मास्तरांना गाडीसह केंद्रात बोलावण्यात आलं. भाषा गंभीर होती. सदर ध्वनीची सखोल तपासणी केली असता तो कोणत्याही इंजिनाचा नसून मानवी कंठातून उत्पन्न झाल्याचं निर्विवाद सिद्ध झालं आहे. सबब, वाहन निर्दोष असून दोष ग्राहकामध्ये आहे. सदोष ग्राहकाच्या ताब्यात निर्दोष वाहन देणं सुरक्षिततेच्या धोरणाशी विसंगत असल्याने ग्राहक दुरुस्त होईपर्यंत वाहन केंद्रात ठेवण्यात यावं.

"आता मला दुरुस्त करून आणा," मास्तर घरी येऊन म्हणाले.

"चाळीस वर्षं तेच करतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण ह्यांनी लेखी दिलं, हे बरं झालं."

लेक हसली, मग तिने पोटावर हात ठेवला. "बाबा, गाडी आता तिकडेच?"

त्यावर कुणाला हसू आलं नाही. मास्तर त्याच पावली घशाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी आ करायला लावलं, बॅटरी मारली, आत कुणी राहतं का पाहावं तसं पाहिलं.

"पायऱ्या चढताना ठसका लागतो?"

"मला नाही हो. गाडीला लागतो."

"असं." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि गाडी हे तुम्हाला सांगते?"

मास्तरांनी सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी ती सहानुभूतीने ऐकली आणि शांत झोप लागण्याची गोळी दिली. दाखल्यावर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की तपासणीच्या वेळी ठसका आढळून आला नाही. मास्तरांना हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

दाखला दाखवताच गाडी मिळाली. ठसका गाडीत नव्हता हे स्कॅनरने सांगितलं होतं, मास्तरांत नव्हता हे डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे तो जगातच नव्हता. प्रकरण निकाली निघालं. फक्त फाटक उघडेना.

"तारे दिल्याशिवाय उघडत नाही," फाटकावरचा माणूस म्हणाला. "आता आपोआप केलंय. सोय."

"आणि कमी दिले तर?"

"चार दिलेत तर पुन्हा आत घेतं. कारण शोधायला."

घरी लेक एकटीच होती. मास्तरीणबाई लोकरीचा गुंडा आणायला बाहेर पडलेल्या. मास्तरांनी पाच दाबले. फाटक उघडलं, वर बसवलेल्या कॅमेऱ्याने सुटकेच्या आनंदाने उजळलेला त्यांचा चेहरा टिपला, आणि आठवड्याच्या आत चौकात भला मोठा फलक लागला. त्यावर मास्तर हसत होते. खाली लिहिलं होतं: ज्यांचा कान चुकत नाही, तेही पूर्ण समाधानी.

लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करू लागले. दूध टाकणारा म्हणाला, "मास्तर, गाडी एकदम झकास दिसतेय फलकावर." आता भर चौकात उभं राहून ती ठसकते असं कसं सांगणार? मास्तर म्हणत, "हो, बरी आहे." दोनचारदा म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ते पटू लागलं. जहाजावरून जावयाचा फोन आला, "गाडी तयार आहे ना?" तेव्हा मास्तर म्हणाले, "पाच तारे आहेत." पलीकडे जावयाने सुटकेचा श्वास टाकलेला स्पष्ट ऐकू आला.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. मास्तरीणबाईंनी प्रसूतिगृहाला फोन केला, मग एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने लेक सांभाळली. मास्तरांनी गाडी काढली. सपाट रस्त्यावर ती शहाण्यासारखी चालली. चौकातल्या फलकाखालून जाताना तर तिला पंख फुटल्यासारखे वाटले. मग चढ लागला. मास्तरांनी पाय दाबला.

घुर्र. फट्.

"आई गं," लेक म्हणाली.

"गाडीची कळ की तुझी?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"पुढे बघा तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

ती रिकामी जागा आली. मास्तर दुसऱ्या फट्ची वाट पाहत राहिले. आयुष्यात त्यांनी समेची वाट इतक्या आर्ततेने पाहिली नव्हती. सम आलीच नाही. मधल्या वळणावर, चढ सर्वांत तीव्र होता तिथे, गाडी थांबली.

तिच्या पुढे आणखी एक गाडी थांबलेली होती. तीच बनावट, तोच रंग, बॉनेट उघडं. शेजारी पांढरा कोट हातावर टाकून एक बाई हताश उभ्या होत्या. त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"तुम्ही इथे?" मास्तर खाली उतरून म्हणाले. "तुम्ही वर असायला हव्यात."

"तुमच्यासाठीच खालून वर निघाले होते. घरून फोन आला ना तुमचा." डॉक्टरीणबाईंनी चाकाला हलकी लाथ मारली. "वेग घेताना कसल्या तरी उचक्या देते. आत्ता तर बंदच पडली. नवीकोरी आहे हो."

"कधी घेतलीत?"

"फलक बघितला तुमचा त्याच दिवशी. मी दुसरी घेणार होते खरं तर. म्हटलं, मास्तर पूर्ण समाधानी म्हणतात, मग आणखी काय तपासायचं?"

मास्तरांच्या कंठात या वेळी खरोखरीचा ठसका होता. तपासायला मात्र घशाचे डॉक्टर तिथे नव्हते.

देव दयाळू आहे. तो टेम्पोच्या रूपानेही येतो. खालून एक जुनाट टेम्पो काळा धूर ओकत, पण न अडखळता, वर चढत आला. त्यात कुणाच्या तरी घरी पोचवायचा मोठा सोफा होता. टेम्पोवाल्याने परिस्थिती पाहिली, काही विचारलं नाही, फळी खाली टाकली. लेक सोफ्यावर आडवी झाली, डॉक्टरीणबाई तिच्या पायथ्याशी, मास्तरीणबाई उशाशी, आणि ही मंडळी टेकडी चढून गेली.

"ह्याला किती तारे आहेत हो?" जाता जाता मास्तरीणबाईंनी वरून विचारलं.

मास्तर दोन समाधानी गाड्यांसोबत वळणावर उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी आधीच कळवलेलं असल्याने केंद्रातून मदत आली. मदत म्हणजे तोच सल्लागार, विमा नसतानाही, टाय खिशात कोंबून. त्याने मास्तरांच्या गाडीची किल्ली फिरवली, नुसता कान दिला, बॉनेट उघडलं आणि हात आत घातला.

"प्लग गेलाय," तो म्हणाला. "बदलतो." आणि बदललाही. मास्तरांना एवढाही वेळ मिळाला नाही की बसायला दगड शोधावा. गाडी सुरू झाली आणि एकसुरात गुणगुणू लागली.

"तुला कधी कळलं हे?"

सल्लागार हात पुसत राहिला. "तुम्ही माइकवर आवाज काढलात ना, तेव्हाच. इतका स्वच्छ काढलात की न कळणाऱ्याला कळावं."

"मग बोलला का नाहीस?"

"स्कॅनर बोलला नव्हता. त्याला न कळलेलं मला कळलं असं दिसलं, की माझी चौकशी लागते. स्कॅनरवर खर्च केलाय त्यांनी, माझ्यावर कुठे?" तो मास्तरांकडे न बघता म्हणाला, "पण तुम्हालाही पहिल्या दिवशी कळलं होतंच ना, की काम झालेलं नाही?"

"कळलं होतं."

"मग पाच का दिलेत?"

"तू मागितलेस म्हणून."

"मी सूरसुद्धा मागायचो की, शाळेत. तो कुठे दिलात? श्रेणी देऊन मोकळे झालात."

मास्तरांनी किल्ली घेतली आणि पाय दाबला. गाडी अशी सरसर वर गेली, की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

मास्तर प्रसूतिगृहात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नात झाली होती. ती जन्मली तेव्हा आधी काहीच बोलली नाही, मग जरा अडखळली, आणि मग तिने असा टाहो फोडला की सोफा पोचवायचा विसरून थांबलेला टेम्पोवालाही हसला. मास्तरीणबाईंनी ते गाठोडं मास्तरांच्या हातात दिलं. टोपडं एका बाजूला सैल होतं. निसटलेले टाके त्यांनी पुन्हा उचलले नव्हते.

"सूर चांगला आहे," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. या वेळी ते खरं बोलत होते.

एवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. थकलेल्या होत्या, केसांत सोफ्याचा भुसा होता, आणि हातात एक छोटा चकचकीत पडदा होता. त्यावर प्रश्न होता: डॉक्टर वेळेवर उपलब्ध होते का? आमच्या सेवेबाबत आपण किती समाधानी आहात? खाली पाच तारे.

"मास्तर," त्या जरा संकोचून म्हणाल्या, "आमच्याकडेही आता सुरू झालंय. चार म्हणजे नापास धरतात."

मास्तरांच्या हातात नात होती. समोर तिला जगात आणणारी बाई होती. मास्तरीणबाई त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. त्यांनी कोणता तारा दाबला हे आम्हाला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. कारण वाचकहो, तुम्हालाही ते ठाऊक आहे. परवाच तुमच्या फोनवर हाच प्रश्न आला होता, तुम्ही घाईत होतात, समोरचा माणूस चांगला होता, कॉफी गरम होती. ते बोट तुमचंही आहे. त्या पाचांवर विसंबून कोण चढाला लागलं आहे, हे तुम्हाला कधी कळायचं नाही. त्याला मात्र मधल्या वळणावर कळेल.